टाचदुखीवरील इंजेक्शने : कोणते, केव्हा आणि कशासाठी?

रविवारच्या मिस्सानंतर चर्चच्या दारात उभे राहिले की एक दृश्य आम्हांला हमखास दिसते. प्रवचनाच्या वेळी बाकावर शांतपणे बसलेल्या काही भगिनी उठताना पुढच्या बाकाचा आधार घेतात, पहिली चार पावले लंगडत टाकतात आणि दारापर्यंत पोहोचेतो जवळजवळ नीट चालू लागतात. प्रवचन लांबले तर हे लंगडणे वाढते, हेही आमच्या ध्यानात आले आहे. विचारपूस केली की उत्तर ठरलेले असते : "फादर, टाचेचं हाड वाढलंय. डॉक्टर इंजेक्शन घ्या म्हणतात. घेऊ का?"

आम्ही वैद्य नव्हे. कोणी कोणते औषध घ्यावे हे सांगण्याचा अधिकार धर्मगुरूला नाही. परंतु हा प्रश्न इतक्या जणांनी विचारला आहे आणि त्यावर आपापसांत मिळणारी उत्तरे इतकी परस्परविरोधी आहेत की, या विषयावर आज वैद्यकशास्त्र काय सांगते ते वाचकांपुढे मांडणे आम्हांला आवश्यक वाटते. एक शेजारीण म्हणते, "एका सुईत बरी झाले." दुसरी म्हणते, "तीन घेतल्या, होते त्याहून वाईट झाले." अलीकडे तिसराही सल्ला ऐकू येतो : आपलेच रक्त काढून टाचेत टोचायचे, खर्च मोठा, पण गुण कायमचा. यांतले खरे किती आणि ऐकीव किती, हे समजून घेऊ या.

दुखते ते नेमके काय?

तळपायाच्या कातडीखाली, टाचेच्या हाडापासून बोटांच्या मुळापर्यंत, एक जाड आणि चिवट पट्टा ताणलेला असतो. वैद्यकात त्याला 'प्लांटर फॅशिया' म्हणतात. धनुष्याची दोरी जशी धनुष्याचा बाक धरून ठेवते, तसा हा पट्टा पायाची कमान धरून ठेवतो. प्रत्येक पावलागणिक त्यावर ताण येतो आणि तो ताण सर्वांत जास्त जाणवतो तो पट्टा टाचेच्या हाडाला जोडलेला असतो त्या जागी. वर्षानुवर्षे उभ्याने काम करणे, वाढलेले वजन, आखडलेल्या पोटऱ्या, घरातल्या कडक लादीवर अनवाणी वावर, किंवा एरवी सवय नसताना एकाएकी खूप चालणे, या कारणांनी त्या जागी इजा साठत जाते. शिक्षिका, परिचारिका, दिवसभर ओट्यापाशी उभ्या राहणाऱ्या गृहिणी, बाजारात टोपली घेऊन बसउठ करणाऱ्या भगिनी यांना हे दुखणे विशेष होते. वयाच्या चाळिशीपासून साठीपर्यंत त्याचे प्रमाण अधिक असते.

रात्री झोपेत किंवा बराच वेळ बसल्यावर हा पट्टा आखडलेल्या स्थितीत राहतो. उठून पहिले पाऊल टाकताच तो एकदम ताणला जातो, आणि म्हणून पहिली काही पावले सर्वांत जास्त दुखतात. सकाळचे हे पहिले पाऊल या व्याधीची मोठी खूण आहे.

'हाड वाढले' ही समजूत मात्र सुधारून घ्यावयास हवी. एक्स-रेमध्ये टाचेच्या हाडाला काट्यासारखा उंचवटा दिसतो हे खरे; परंतु असा काटा असलेल्या अनेकांना काहीही दुखत नाही आणि टाच दुखणाऱ्या अनेकांच्या एक्स-रेमध्ये काटा नसतो. कोणतेही इंजेक्शन हा काटा विरघळवत नाही आणि तो विरघळण्याची गरजही नसते.

आणखी एक गोष्ट महत्त्वाची आहे. या व्याधीचे नाव 'प्लांटर फॅशिआयटिस'. नावातल्या शेवटच्या अक्षरांचा अर्थ 'दाह' असा होतो. परंतु २००३ साली अमेरिकेतील संशोधकांनी शस्त्रक्रियेत काढलेले ५० रुग्णांचे नमुने सूक्ष्मदर्शकाखाली तपासले, तेव्हा त्यांना दाहाच्या खुणा आढळल्या नाहीत. आढळली ती तंतूंची झीज आणि विस्कटलेली वीण. दीर्घकाळ चाललेली टाचदुखी ही मुख्यतः झिजेची व्याधी आहे, हे ध्यानात ठेवले म्हणजे पुढची तुलना समजणे सोपे जाईल.

सुईच्या आधीचा उपाय

इंजेक्शनांची तुलना करण्यापूर्वी एक दिलासा देणे आमचे कर्तव्य आहे. ही व्याधी झालेल्या दहा जणांपैकी सुमारे आठ ते नऊ जण वर्षभरात साध्या उपायांनी बरे होतात. त्यासाठी टाचेला आधार देणारी मऊ पादत्राणे घरातही वापरणे, वजन आटोक्यात ठेवणे आणि नियमित व्यायाम करणे एवढे पुरते.

व्यायाम कोणता? २००३ सालीच १०१ रुग्णांवर झालेल्या एका अभ्यासात खास तळव्याचा पट्टा ताणण्याचा व्यायाम केवळ पोटरी ताणण्याच्या व्यायामापेक्षा सरस ठरला. तो असा : सकाळी अंथरुणातून पाय खाली टेकवण्यापूर्वी दुखरा पाय दुसऱ्या मांडीवर घ्यावा, हाताने पायाची बोटे नडगीकडे ओढावीत, दहा अंक मोजेपर्यंत धरून ठेवावीत आणि सोडावीत. असे दहा वेळा, दिवसातून तीनदा. २०१४ साली डेन्मार्कमध्ये ४८ रुग्णांवर दुसरा अभ्यास झाला. त्यात बोटांखाली गुंडाळलेला टॉवेल ठेवून, पायरीच्या कडेवर उभे राहून टाच सावकाश वर उचलणे आणि खाली नेणे हा ताकद वाढविणारा व्यायाम एक दिवसाआड दिला होता. तीन महिन्यांनी या गटातील रुग्णांचे दुखणे नुसते ताण देणाऱ्यांपेक्षा कमी होते. वर्षअखेरीस दोन्ही गट सारखेच सुधारले होते.

हे उपाय फुकट आहेत, पण त्यांना धीर लागतो. "व्यायाम केला का?" या प्रश्नाला "चार दिवस केला" असे उत्तर आम्ही पुष्कळदा ऐकतो. चार दिवस पुरत नाहीत; काही महिने लागतात. इतके करूनही दुखणे हटत नसेल, तेव्हाच इंजेक्शनाचा प्रश्न रास्त ठरतो.

स्टेरॉइडचे इंजेक्शन

टाचदुखीसाठी सर्वांत जास्त दिले जाणारे इंजेक्शन स्टेरॉइडचे. या औषधाच्या कुळाचा इतिहास मोठा आहे. १९४८ साली अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच यांनी एडवर्ड केंडल यांच्या सहकार्याने संधिवाताच्या रुग्णाला कॉर्टिझोन प्रथम दिले. जिला हालचाल करणे अवघड झाले होते अशी रुग्ण काही दिवसांत चालू लागली. १९५० साली हेंच, केंडल आणि स्वित्झर्लंडचे टाडेउश राइखस्टाइन यांना नोबेल पारितोषिक मिळाले. याच कुळातील मिथाइलप्रेडनिसोलोन, ट्रायअ‍ॅमसिनोलोन आणि डेक्सामेथासोन ही औषधे आज टाचेत दिली जातात. सोबत बहुधा जागा बधिर करणारे औषध असते. सुई तळव्यातून न टोचता टाचेच्या आतल्या बाजूने घालण्याची पद्धत अधिक प्रचलित आहे; सोनोग्राफीच्या साहाय्याने सुई नेमक्या जागी नेता येते.

गुण किती? २०१७ साली कॉक्रेन या आंतरराष्ट्रीय संस्थेने या विषयावरील ३९ अभ्यासांचा, एकूण २,४९२ रुग्णांचा, एकत्रित आढावा प्रसिद्ध केला. निष्कर्ष असा : स्टेरॉइडमुळे साधारण एक महिन्यापर्यंत दुखणे थोडे कमी होते, त्यानंतर फरक दिसत नाही. शून्य ते शंभर अशा वेदनेच्या मोजपट्टीवर, औषध नसलेल्या इंजेक्शनाशी तुलना करता, हा फरक सरासरी सुमारे ६ अंकांचा होता. त्याआधी २०१२ साली ऑस्ट्रेलियात ८२ रुग्णांवर झालेल्या काळजीपूर्वक अभ्यासातही हेच आढळले होते : चौथ्या आठवड्यात स्टेरॉइड घेतलेल्यांना आराम अधिक होता, आठव्या आणि बाराव्या आठवड्यात दोन्ही गटांच्या दुखण्यात ठाम फरक उरला नव्हता.

वाचकांनी येथे क्षणभर थांबावे. अशा अभ्यासांत ज्यांना औषधाऐवजी नुसते मिठाचे पाणी टोचले जाते, तेही काळानुसार सुधारत असतात. म्हणून "मी सुई घेतली आणि सहा महिन्यांत बरी झाले" हे वाक्य खोटे नसते; पण त्या सहा महिन्यांतले सुईचे काम किती आणि निसर्गाचे किती, हे त्या वाक्यावरून कळत नाही.

मग स्टेरॉइड निरुपयोगी आहे काय? तसे नाही. सरासरी फरक लहान असला तरी काहींना त्यातून चांगला आराम पडतो. जिला दुखण्यामुळे व्यायामही करता येत नाही, किंवा जिची रोजंदारी बुडाल्यास घर चालत नाही, अशा भगिनीला मिळालेले चार आठवडे मोलाचे असतात. मात्र त्या चार आठवड्यांत व्यायाम सुरू झाला पाहिजे. दुखणे थांबले म्हणून दुप्पट काम अंगावर घेतले, तर झिजलेल्या पट्ट्यावर ताण वाढतो आणि महिन्याभराने मूळ दुखणे पुन्हा उभे राहते.

धोके कोणते?

सर्वांत गंभीर धोका म्हणजे पट्टा फाटणे. १९९८ साली अमेरिकेतील दोन डॉक्टरांनी ७६५ रुग्णांचा अनुभव प्रसिद्ध केला. त्यांपैकी ५१ जणांचा पट्टा फाटला होता आणि या ५१ पैकी ४४ जणांनी पूर्वी स्टेरॉइडचे इंजेक्शन घेतलेले होते. हे एका ठिकाणचे आकडे आहेत. सर्वत्र इतके प्रमाण दिसते असे नाही. तरीही ते सावध करणारे आहेत. पट्टा फाटला की पायाची कमान बसू शकते आणि पायाच्या इतर भागांत दीर्घकाळचे दुखणे सुरू होऊ शकते.

दुसरा धोका टाचेखालच्या चरबीच्या गादीचा. ही नैसर्गिक उशी स्टेरॉइडने पातळ होऊ शकते आणि एकदा गेलेली गादी सहजी भरून येत नाही. मग प्रत्येक पाऊल हाडावर पडल्यासारखे वाटते. सुईच्या जागची त्वचा फिकट होणे, एक-दोन दिवस दुखणे वाढणे आणि क्वचित जंतुसंसर्ग होणे हेही संभवते. मधुमेही व्यक्तींची रक्तातील साखर काही दिवस वाढते. त्यांनी डॉक्टरांना हे आधीच सांगावे आणि त्या दिवसांत साखर तपासत राहावे.

म्हणूनच जाणते डॉक्टर एकाच टाचेत वारंवार स्टेरॉइड देण्याचे टाळतात आणि दोन इंजेक्शनांमध्ये काही महिन्यांचे अंतर ठेवतात. एका डॉक्टरांनी नकार दिला म्हणून दुसऱ्याकडे जाऊन, पहिल्या सुया न सांगता, आणखी एक घेणे हे स्वतःच्या पायाशी केलेले वैर होय.

आपल्याच रक्ताचे इंजेक्शन

आता नव्या उपचाराकडे वळू. याला 'पीआरपी' म्हणतात. रुग्णाच्या हातातून थोडे रक्त काढून ते यंत्रात वेगाने फिरवतात. रक्तातील प्लेटलेट एका थरात एकवटतात. तो थर वेगळा करून टाचेत टोचतात. जखम झाली की प्लेटलेट तेथे जमतात आणि ऊती भरून येण्यास चालना देणारे घटक सोडतात, हे शरीराचे नेहमीचे कार्य आहे. तेच झिजलेल्या पट्ट्यात घडवून आणावे, अशी या उपचारामागची कल्पना. दाह दाबण्यापेक्षा झीज भरणे हा हेतू असल्याने तो तर्काला पटतो. परंतु तर्क पटला म्हणजे गुण सिद्ध झाला असे नव्हे. म्हणून अभ्यास पाहिले पाहिजेत.

२०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात ४० रुग्ण होते. पायाच्या कार्यक्षमतेला शंभरपैकी गुण देण्यात आले. स्टेरॉइड गटाचे सरासरी गुण ५२ वरून तीन महिन्यांत ८१ झाले, पण वर्षाने ५८ आणि दोन वर्षांनी ५६ वर आले. पीआरपी गटाचे गुण ३७ वरून ९५ झाले आणि दोन वर्षांनीही ९२ होते. आकडे डोळे दिपवणारे आहेत; पण रुग्ण थोडे होते आणि मिठाच्या पाण्याचा तिसरा गट नव्हता.

२०१९ साली नेदरलँड्समधील अनेक रुग्णालयांनी मिळून ११५ रुग्णांवर केलेला अभ्यास अधिक भरवशाचा मानावा लागेल, कारण कोणाला काय टोचले हे रुग्णांना ठाऊक नव्हते. त्यात स्टेरॉइड गटाचे दुखणे लवकर उतरले आणि तेथेच थांबले. पीआरपी गटाचे सावकाश उतरले, परंतु वर्षअखेरीस ते अधिक खाली गेले होते. किमान एक चतुर्थांश सुधारणा झालेल्यांचे प्रमाण पीआरपी गटात सुमारे ८४ टक्के, तर स्टेरॉइड गटात सुमारे ५६ टक्के होते.

पीआरपीच्या बाजूने इतके सांगितल्यावर दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. ते तयार करण्याची एकच ठरलेली रीत नाही. एका दवाखान्यातील पीआरपी आणि दुसऱ्यातील पीआरपी यांत प्लेटलेटचे प्रमाण वेगळे असू शकते. मिठाच्या पाण्याशी थेट तुलना करणारे मोठे अभ्यास फार थोडे आहेत. टोचल्यावर काही दिवस, कधी काही आठवडे, दुखणे वाढते. खर्च स्टेरॉइडच्या कित्येक पट असतो. रक्त स्वतःचेच असल्याने अ‍ॅलर्जीची भीती नगण्य असते. परंतु प्लेटलेटचे विकार, रक्ताचे आजार किंवा अंगात जंतुसंसर्ग असल्यास ते देत नाहीत. या उपचाराच्या आगेमागे काही वेदनाशामक गोळ्या बंद करण्यास सांगतात. हृदयविकारासाठी अ‍ॅस्पिरिन घेणाऱ्यांनी मात्र ती आपल्या हृदयरोगतज्ज्ञांना विचारल्याशिवाय कधीही थांबवू नये.

इतर इंजेक्शने

रक्तातील घटक वेगळे न करता काढलेले रक्त तसेच टोचण्याची एक स्वस्त पद्धतही आहे. २००७ साली मलेशियातील ६४ रुग्णांच्या अभ्यासात पहिल्या तीन महिन्यांत स्टेरॉइडचा गुण अधिक दिसला, पण सहा महिन्यांनी दोन्हींत लक्षणीय फरक राहिला नाही. काही ठिकाणी साखरेचे, म्हणजे डेक्स्ट्रोजचे, तीव्र द्रावण टोचतात. ते त्या जागी सौम्य प्रक्षोभ निर्माण करून दुरुस्तीस चालना देते असे मानतात. बोट्युलिनम टॉक्सिन, म्हणजे चेहऱ्यावरील सुरकुत्यांसाठी वापरले जाते तेच औषध, स्नायू सैल करून ताण कमी करण्यासाठी देतात. या दोन्हींवरील काही अभ्यास आशादायक आहेत, परंतु ते लहान आहेत.

थोडक्यात तुलना अशी : लवकर पण थोडके दिवस टिकणारा आराम हवा असेल तर स्टेरॉइड, सावकाश येणारा, कदाचित अधिक टिकणारा गुण हवा असेल आणि खर्च झेपत असेल तर पीआरपी, इतर उपचार तज्ज्ञांच्या खास सल्ल्यानेच. आणि यांपैकी कोणतेही घेतले तरी व्यायाम आणि योग्य पादत्राणे चुकत नाहीत. कर्ज काढून किंवा दागिना गहाण ठेवून पीआरपी घेण्याइतका पुरावा आज आमच्या मते उपलब्ध नाही.

डॉक्टरांना काय विचारावे?

इंजेक्शनला होकार देण्यापूर्वी पुढील प्रश्न नम्रपणे, पण स्पष्टपणे विचारावेत :

१. माझे दुखणे याच पट्ट्याचे आहे, याची खात्री झाली आहे का?
२. आपण देणार आहात ते औषध कोणते? स्टेरॉइड की दुसरे काही?
३. मी यापूर्वी याच टाचेत इतकी इंजेक्शने घेतली आहेत. आणखी एक घेणे सुरक्षित आहे का?
४. मला मधुमेह आहे, किंवा मी रक्त पातळ ठेवणारी गोळी घेतो, त्याचे काय?
५. इंजेक्शननंतर किती दिवस जपावे आणि कोणता व्यायाम केव्हा सुरू करावा?

पहिला प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. प्रत्येक टाचदुखी सारखी नसते. तरुण माणसाच्या दोन्ही टाचा दुखत असतील आणि सकाळी कंबरही आखडत असेल, तर तो संधिवाताचा प्रकार असू शकतो. रात्री विश्रांतीतही दुखणे, तळव्याला जळजळ किंवा बधिरपणा, टाच दोन्ही बाजूंनी दाबली असता तीव्र कळ, सूज किंवा ताप, ही लक्षणे वेगळ्या तपासण्या मागतात. मधुमेहाने पायाची संवेदना गेली असेल तर दुखणे कमी असणे ही आनंदाची बातमी नसते. अशा व्यक्तींनी रोज तळवे पाहावेत.

दुखणे आणि श्रद्धा

शेवटी एक गोष्ट धर्मगुरू या नात्याने. आमच्या काही वयस्क भगिनी टाचदुखी कोणालाही न सांगता सोसतात आणि ती प्रभूला अर्पण केली आहे असे म्हणतात. त्यांच्या भक्तीपुढे आम्ही नम्र आहोत. परंतु बऱ्या होऊ शकणाऱ्या दुखण्यावर उपचार करून घेणे हे श्रद्धेच्या विरोधात नाही, हीच ख्रिस्तसभेची शिकवण आहे. अनवाणी चालत माउंट मेरीला जाण्याचा नवस केला असेल आणि टाच साथ देत नसेल, तर आपल्या धर्मगुरूंशी बोलावे. नवसाचे रूप बदलून घेता येते.

आणि धर्मग्रामांना एक विनंती. आपण आरोग्य शिबिरे भरवितो, रक्तदाब आणि साखर तपासतो. पुढच्या शिबिरात एका फिजिओथेरपिस्टनाही बोलवावे आणि वर सांगितलेले दोन व्यायाम सर्वांकडून करून घ्यावेत. त्याला एक खुर्ची, एक टॉवेल आणि चर्चची पायरी एवढेच साहित्य लागते. पवित्र गुरुवारी आपण बारा जणांचे पाय धुतो आणि प्रभूने शिष्यांचे पाय हाती घेतले त्याचे स्मरण करतो. ज्या पायांनी आपल्या माताभगिनी आयुष्यभर घर, शेत, बाजार आणि चर्च यांच्यामध्ये चालत आल्या, त्यांची थोडी चौकशी वर्षातल्या इतर दिवशीही करू या.